पावसाची वाट पाहणारा मासा

तुमच्यापैकी जे कोकणात राहतात त्यांना चढणीचे मासे ठाऊक असतील. जून महिन्यात पहिला मोठा पाऊस होतो. ओढे भरून वाहू लागतात. मग नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. कधी कधी ते थेट भातखाचरांपर्यंत येऊन पोहोचतात. या माशांना अंडी घालायची असतात, आणि उन्हाळ्यात बंद पडलेली त्यांची वाट पावसाने मोकळी केलेली असते. गावातली माणसे बॅटऱ्या आणि जाळी घेऊन रात्रीच त्यांना पकडायला निघतात.

असाच, पावसाच्या भरवशावर जगणारा एक मासा आपल्यापासून फार दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्याचे नाव कोहो सॅमन. तो उत्तर पॅसिफिक महासागरात राहतो. आपल्याकडे पावसाळा संपतो तेव्हा त्याच्याकडे पावसाला सुरुवात होते. म्हणून त्याची चढण जूनमध्ये नसते. ती शरद ऋतूत, म्हणजे उर्दूत आपण ज्याला खिज़ां म्हणतो त्या दिवसांत असते. या माशाला पकडायला तिकडची काही माणसे एका छोट्याशा होडीत एकेकटी बसून जातात. ती कशी जातात, आणि पकडलेल्या माशाचे काय करायचे हे त्यांना इतक्या काळजीने का ठरवावे लागते, हे आपण या पाठात पाहू.

अमेरिकेच्या नकाशात डावीकडे ओरेगन नावाचे राज्य शोधा. त्याच्या किनाऱ्यावर फ्लॉरेन्स हे छोटे गाव आहे. तेथून दक्षिणेला कूस बे या गावापर्यंत सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा पसरला आहे. १९७२ साली अमेरिकेच्या सरकारने या पट्ट्याला संरक्षण दिले. हजारो वर्षांपूर्वी हिमयुग संपले, बर्फ वितळला आणि समुद्राची पातळी वर आली. तेव्हा या किनाऱ्यावरच्या लहान नद्यांची खोरी पाण्याने भरली. पुढे वाऱ्याने वाहून आणलेल्या वाळूने या खोऱ्यांची तोंडे जवळजवळ बुजवून टाकली. वाळूच्या बांधामागे पाणी साचले आणि गोड्या पाण्याची सरोवरे तयार झाली. सरोवर म्हणजे झील. सिल्टकूस, टाहकेनिच आणि टेनमाइल ही त्यांतली प्रमुख सरोवरे होत. बुडालेल्या खोऱ्यांमुळे त्यांना अनेक फाटे फुटलेले आहेत. टाहकेनिच या शब्दाचा अर्थच तेथील आदिवासींच्या भाषेत ‘अनेक बाहू असलेले’ असा होता, असे सांगतात.

सिल्टकूस सरोवर सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे, पण खोल मात्र फारसे नाही. सर्वांत खोल जागीही दोन मजली घर जेमतेम बुडेल. या सरोवरातून एक लहानशी नदी निघते आणि वाळूच्या टेकड्यांतून वळणे घेत, अवघ्या पाच किलोमीटरांत समुद्राला मिळते. कोहोला समुद्रातून सरोवरात येण्याचा रस्ता हाच. नदीच्या वाटेत एक छोटा बंधारा आहे. माशांना तो ओलांडता यावा म्हणून त्याला पाण्याच्या पायऱ्यांचा एक जिना केलेला आहे. त्यावरून मासे एकेक टप्पा चढत वर येतात.

आता या माशाचे आयुष्य समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. मादी हिवाळ्याच्या सुरुवातीला लहान ओढ्यात शेपटीने खडी उकरते, खड्डा करते आणि त्यात अंडी घालते. एका मादीची अंडी साधारणपणे अडीच-तीन हजार असतात. वसंत ऋतूत पिल्ले खडीतून बाहेर येतात. सुमारे एक वर्ष ती गोड्या पाण्यातच वाढतात. ज्या ओढ्यांच्या खाली सरोवर असते तेथील पिल्ले भाग्यवान. सरोवरात त्यांना खायला भरपूर मिळते आणि ती चांगली धष्टपुष्ट होतात. पुढच्या वसंतात ती समुद्रात जातात. तेथे दीड वर्ष काढून, तीन वर्षांची झाली की ती ज्या पाण्यात जन्मली त्याच पाण्याकडे परत फिरतात. वास ओळखून ती आपला ओढा शोधून काढतात, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. तीन हजारांतून परत येणारे मासे मात्र बोटांवर मोजण्याइतके असतात.

परत आलेला कोहो एकदाच अंडी घालतो आणि मरतो. नर असो की मादी, दोघांचेही तसेच. समुद्रातून येताना तो चांदीसारखा चमकतो. त्याची पाठ निळसर हिरवी असते, तिच्यावर काळे ठिपके असतात. वजन तीन ते पाच किलोच्या आसपास. गोड्या पाण्यात काही आठवडे गेले की त्याचा रंग पालटतो. नराचे अंग तांबूस होते आणि नाकाचा शेंडा आकड्यासारखा वाकतो. तो खाणे सोडून देतो. अंगात साठवलेल्या चरबीवरच त्याचा उरलेला प्रवास चालतो.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर पाऊस फारच थोडा पडतो. ओढे अगदी बारीक होतात. ऑक्टोबरात पहिला जोराचा पाऊस झाला की सरोवरातून निघणारी नदी फुगते आणि मासे समुद्रातून आत शिरतात. पण सरोवराच्या वरच्या अंगाचे ओढे, ज्यांत अंडी घालायची आहेत, ते अजून भरलेले नसतात. म्हणून मासे सरोवरातच थांबतात. ओढ्यांच्या मुखाशी, लांबट फाट्यांमध्ये ते फिरत राहतात. मध्येच एखादा पाण्याबाहेर उसळी मारतो. कधी आठवडा, कधी महिना ते अशी पावसाची वाट पाहतात. मासेमारीचा हंगाम नेमका याच दिवसांचा असतो. मासा वर ओढ्यात गेला की त्याला कोणी हात लावायचा नाही. तेथे सॅमन पकडायला बंदी आहे.

या मासेमारीसाठी मोठ्या यांत्रिक होड्याही येतात. पण मला सांगायचे आहे ते कयाकविषयी. कयाक ही अतिउत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. समुद्रातून वाहून आलेले लाकूड किंवा देवमाशाची हाडे यांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, अशी ती बनवत. तुम्हांला एक गंमत सांगतो. इन्युइट भाषेत या शब्दाचा पहिला उच्चार घशातून, थेट आपल्या ‘क़ाफ़’सारखा होतो. इंग्रजांना तो जमला नाही आणि त्यांनी साधा ‘क’ केला. मराठीतही तोच आला. तुम्ही मात्र तो मूळच्यासारखा सहज म्हणू शकाल!

आजची मासेमारीची कयाक बहुधा प्लॅस्टिकची असते. लांबी तीन ते चार मीटर. माणूस तिच्या आत न शिरता वरच्या बैठकीवर बसतो. वर आलेले पाणी निघून जावे म्हणून तिला आरपार भोके ठेवलेली असतात. वल्हे एकच, पण दोन्ही टोकांना पाते असलेले. काही कयाकांना सायकलसारखी पायटीही असतात. त्यामुळे हात गळासाठी मोकळे राहतात. तिला इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही आणि तेलाचा खर्च नाही. ती गाडीच्या टपावर बांधून नेता येते. हातभर पाण्यातूनही ती जाते, म्हणून पाणवनस्पती आणि जुने बुंधे असलेल्या अरुंद फाट्यांत जेथे मोठी होडी अडकते तेथे कयाक सहज शिरते.

पहाटे, उजाडण्याच्या सुमारास कोळी पाण्यात उतरतो. त्याला ‘कोळी’ म्हणणे तितकेसे बरोबर नाही. तो धंद्यासाठी आलेला नसतो, हौसेने आलेला असतो. गळाची काठी तो आपल्या बाजूला एका खोबणीत रोवतो. दोरीच्या टोकाला जिवंत आमिष नसते. धातूची एक चकचकीत फिरकी असते, किंवा पाण्यात डुलत जाणारा एक रंगीत लाकडी वा प्लॅस्टिकचा मासा. दोरी वीस-तीस मीटर मागे सोडायची आणि माणूस रमतगमत चालतो तितक्या वेगाने वल्हवत राहायचे. फार जोरात गेले तर फिरकी वर येते, फार सावकाश गेले तर ती फिरतच नाही.

तुम्ही विचाराल, कोहो तर काही खात नाही, मग तो या खोट्या आमिषाला तोंड का लावतो? कोणी म्हणतात, आपल्या जागेत शिरलेल्या परक्यावर तो रागाने धावून जातो. कोणी म्हणतात, समुद्रातली जुनी सवय सुटलेली नसते. कारण काहीही असो, तो रोज आणि प्रत्येकाच्या गळाला लागत नाही. सकाळभर फाट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारून माणूस रिकाम्या हाताने परततो, हेच अधिक वेळा घडते. समोर दहा मासे उसळ्या मारत असतात आणि एकही गळाकडे बघत नाही. तेथे सब्र लागतो. मराठीत त्याला आपण संयम म्हणतो.

आणि मग एखाद्या वेळी काठी एकदम वाकते. पाच किलोचा मासा दोरी ओढत बुंध्यांकडे धाव घेतो, पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो. कयाक हलकी असल्यामुळे तिचे तोंडच माशाच्या दिशेने फिरते आणि ती त्याच्यामागे ओढली जाते. अशा वेळी नवख्या माणसाची चूक ठरलेली. तो माशाला धरायला एका बाजूला झुकतो. डोके होडीच्या कडेबाहेर गेले की तोल गेलाच म्हणून समजा. जाणकार माणूस बसल्या जागी ताठ राहतो, मासा थकू देतो आणि दांडीचे जाळे पुढे करून त्याला पाण्यातच घेतो.

तोल गेला तर काय होते? नोव्हेंबरात या सरोवरांचे पाणी अतिशय थंड असते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्याचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम अनेक वर्षे अभ्यासला, कित्येकदा स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून. अतिथंड पाण्याविषयी ते तीन आकडे लक्षात ठेवायला सांगतात : एक, दहा, एक. पहिल्या एका मिनिटात श्वास अनावर होतो, धाप लागते. त्या वेळी पाणी नाकातोंडात गेले तर माणूस तेथेच बुडतो, म्हणून आधी श्वास सावरायचा. पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात. तेवढ्यात होडीवर परत चढायचे. त्यानंतर बोटे आणि हात ऐकेनासे होतात. शुद्ध हरपायला मात्र सुमारे एक तास लागतो. म्हणजे थंडीने गारठून मरण्याच्या खूप आधी माणूस पोहता न आल्यामुळे बुडतो. जीवरक्षक जाकीट अंगात असेल तर तो तास त्याचा असतो आणि मदत येऊ शकते.

काही लोक जाकीट बरोबर नेतात पण अंगात घालत नाहीत, पाठीमागे बांधून ठेवतात. पाण्यात पडल्यावर घालू, असे त्यांना वाटते. थंडीने बोटेच चालत नसतील तर बक्कल कसे लावणार? म्हणून समजदार माणूस किनाऱ्यावरच जाकीट घालतो, शिटी गळ्यात अडकवतो, पाणी आत न शिरणारा पोशाख चढवतो आणि उलटलेल्या कयाकवर परत चढण्याचा सराव उन्हाळ्यातच करून ठेवतो. वाऱ्याकडेही त्याचे लक्ष असते. उथळ सरोवरात वारा सुटला की थोड्याच वेळात उभ्या लाटा उठतात, आणि केवळ दोन हातांच्या जोरावर त्यांच्याविरुद्ध फार वेळ वल्हवता येत नाही.

समजा, सगळे नीट झाले. मासा जाळ्यात आहे, जाळे अजून पाण्यात आहे. आता त्याला ठेवायचे की सोडायचे? हा प्रश्न सोपा नाही.

एके काळी ओरेगनच्या किनाऱ्यावर दरवर्षी दहा ते वीस लाख कोहो परत येत असत, असा अंदाज आहे. कूस, लोअर अम्प्क्वा आणि सायुस्लॉ या तेथील मूळ रहिवाशांचे हिवाळ्याचे अन्न म्हणजे वाळवलेला आणि धुरावलेला सॅमन. पुढे डबाबंद माशांचे कारखाने आले. जंगले तोडली गेली. ओंडके वाहून नेण्यासाठी ओढ्यांत तात्पुरते बांध घालून ते एकदम फोडले जात. त्या लोंढ्याने खडी आणि पिल्लांची आश्रयाची जागा दोन्ही वाहून जात. १९९० च्या दशकात काही वर्षी अंडी घालायला आलेल्या माशांची संख्या पन्नास हजारांच्याही खाली गेली. १९९८ साली सरकारने या किनाऱ्यावरच्या कोहोला ‘धोक्यात आलेला’ म्हणून जाहीर केले. २००१ मध्ये एका न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. माणसाने केंद्रात वाढवलेले मासे आणि रानात जन्मलेले मासे यांत सरकारने केलेला फरक न्यायालयाला मान्य नव्हता. २००८ मध्ये माशाचे नाव पुन्हा यादीत आले.

सरोवरांतल्या कोहोंची स्थिती त्यातल्या त्यात बरी राहिली. कारण तुम्ही वर वाचलेच आहे : तेथे पिल्ले चांगली वाढतात. राज्याच्या मत्स्य विभागाची माणसे हिवाळ्यात ओढ्याकाठाने पायी फिरतात आणि मासे प्रत्यक्ष मोजतात. त्या मोजणीवरून दरवर्षी ठरते की सरोवरात किती पकडू द्यायचे. अलीकडच्या वर्षांत ही मर्यादा साधारणपणे एका माणसाला दिवसाला एकच मोठा रानटी कोहो अशी राहिली आहे. शिवाय संपूर्ण हंगामाचीही वेगळी मर्यादा असते. ओरेगनमध्ये १२ वर्षांपासून पुढे परवाना लागतो, म्हणजे तुमच्या वयाच्या मुलांनाही. मासा ठेवला की घरी जाऊन नव्हे, तेथल्या तेथे नोंद करायची. आणि मर्यादेइतका मासा एकदा ठेवला की मोठा कोहो त्या दिवसापुरता बंद.

म्हणून जाळ्यातला मासा पाहताना माणसाच्या मनात हिशेब सुरू होतो. मासा चांदीसारखा असेल तर त्याचे मांस उत्तम. तांबूस झाला असेल तर मांस नरम पडलेले, तो सोडलेला बरा. मादी असेल तर तिच्या पोटात तीन हजार अंडी आहेत. मादी सोडा असे कायदा सांगत नाही, तरी काही जण ती सोडतातच. समुद्रातली दीड वर्षे, सील आणि मोठे मासे, नदीचे मुख, बंधाऱ्याचा जिना हे सगळे पार करून हा मासा येथवर आलेला असतो. त्याच्या ओढ्यापासून तो आता जेमतेम एक-दोन किलोमीटर दूर असतो. मला वाटते, कोकणात चढणीचा मासा धरणाऱ्यालाही हा हिशेब करता येईल. तेथेही मासा अंडी घालण्याआधीच हाती लागतो, आणि तेथे मोजायला कोणी येत नाही.

सोडायचे ठरले तर मासा पाण्याबाहेर काढत नाहीत. गळाला उलटा काटा नसेल तर तो चिमट्याने एका झटक्यात निघतो. माशाला दोन्ही हातांनी सरळ धरतात. त्याचे कल्ले उघडझाप करू लागले की तो स्वतःच शेपटी हलवून निसटतो.

नोव्हेंबरच्या मध्याला किंवा अखेरीस नैर्ऋत्येकडून मोठी वादळे येतात. दोन-तीन दिवस पाऊस थांबत नाही. ओढे गढूळ होऊन धावू लागतात. वादळ ओसरल्यावर कयाक घेऊन आलेल्या माणसाला फाटे ओस पडलेले दिसतात. उसळ्या नाहीत, तरंग नाहीत. मासे रातोरात वर गेलेले असतात. काही आठवड्यांनी त्यांची मृत शरीरे ओढ्याच्या काठाला लागतात. किडे, पक्षी आणि अस्वले ती खातात. ओढ्यातच राहिलेली मागच्या वर्षीची पिल्लेही त्या मांसावर पोट भरतात. त्या वेळी खडीखाली नवी अंडी असतात, आणि त्यांतून पिल्ले बाहेर यायला अजून दोन-तीन महिने असतात.

शब्दार्थ

सरोवर – झील. शरद ऋतू – पावसाळ्यानंतरचा ऋतू. तिकडे पानगळीचा मोसम, खिज़ां. मुख – तोंड, दहाना. वल्हे – चप्पू. पाते – रुंद, चपटा भाग. आमिष – गळाला लावलेला चारा. कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव, गलफडे. परवाना – इजाज़तनामा. संयम – सब्र. ओस – रिकामा, सुनसान.

स्वाध्याय

१. कोहो सरोवरात का थांबतो? तीन-चार वाक्यांत लिहा.
२. ‘एक, दहा, एक’ या आकड्यांचा अर्थ तुमच्या लहान भावाला किंवा बहिणीला समजेल अशा शब्दांत सांगा.
३. कारणे द्या : (अ) अरुंद फाट्यांत कयाक उपयोगी पडते. (आ) जाणकार माणूस तांबूस झालेला मासा सोडून देतो.
४. ‘वाट पाहणे’, ‘तोल जाणे’, ‘हात लावणे’ हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.
५. तुमच्या गावी किंवा ओळखीच्या गावी पावसाळ्यात नदीचे मासे कसे पकडतात, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पूर्वी मिळणारे कोणते मासे आता मिळत नाहीत, त्यांची नावे मराठीत आणि उर्दूत लिहून आणा.